काचपाणी म्हणजे काय?

डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या संघटनेने १९८८ साली वासंती बापटला नोकरीवर घेतलं ते पुस्तकांची दोन कपाटं नीट लावायला. तिने ग्रंथालयशास्त्र शिकून ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीच्या ग्रंथालयात काम केलं होतं. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की अडचण पुस्तकांची नाहीच. एका कारखान्यात जे अडतं, ते पलीकडच्या कारखान्यात कुणाला तरी ठाऊक असतं. पण कुणी कुणाला विचारत नाही.

संघटनेचे अध्यक्ष आबा रेगे यांना तिने हे सांगितलं.

"मग काय करायचं म्हणता?" आबांनी विचारलं.

"कुठे कोणती रसायनं येतात, त्यांच्याबद्दल कोणत्या पुस्तकात लिहिलंय आणि ते पुस्तक कुणाकडे आहे, याची कार्डं करते. अडलं की संघटनेला फोन करायचा. मी माणूस गाठून देईन."

"करा. पण लोक तोंड उघडणार नाहीत."

आबांचं म्हणणं खरं ठरलं. चहा सगळीकडे मिळाला, माहिती कुठेच नाही. बाळ लिमयांचा काचेच्या दिव्यांवर दुधी झाक आणण्याचा कारखाना होता. त्यांनी तर सरळ सांगितलं, "बाई, आज मी रसायनाचं नाव सांगायचं आणि उद्या शेजारच्याने तोच माल बाजारात आणायचा. माफ करा."

वासंती रागावली नाही. माणूस काही उगाच घाबरत नव्हता. घरी जाताना तिने विचार केला, की कोण काय वापरतं हे आपल्याला हवंय कशाला? दुसऱ्या दिवसापासून तिने कार्डांवरून कारखान्यांची नावंच काढून टाकली. राहिलं फक्त रसायन, त्याचे गुण आणि त्याची माहिती कुणाकडे मिळेल ते. हे कळल्यावर एकेक दार किलकिलं झालं. काही केमिस्ट आपणहून बोलू लागले.

त्यात हरिहर कारखानीस होते. रंगाच्या कारखान्यातले जुने केमिस्ट. स्वतःची पुस्तकं कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "पुस्तक माझ्या खोलीबाहेर जाणार नाही," ते म्हणाले, "पण इथे बसून हवं ते बघा."

आणखी एक गोष्ट तिने केली, आणि त्यावर ऑफिसात थोडं हसू झालं. दुपारच्या सुट्टीत ती चहाच्या टपऱ्यांवर जाऊन कामगारांशी बोलायची. पिंपांवरची इंग्रजी नावं कामगार घेत नसत. त्यांची स्वतःची नावं होती: रडकं, पिवळी पूड, काचपाणी. तीही तिने कार्डांवर चढवली. काचपाणी ऐकल्यावर कारखानीस म्हणाले होते, "काच खाणारं पाणी एकच. हायड्रोफ्लोरिक ॲसिड. त्याच्या वाटेला जाऊ नये."

पुढच्या वर्षी वैशाखात लिमयांच्या कारखान्यात एक कॅन निसटला आणि परशुरामच्या हातावर कोपरापर्यंत काचपाणी उडालं. परशुराम मोठागावच्या कोळीवाड्यातला. वडील आणि भाऊ खाडीत जाळं टाकायचे, हा कारखान्यात लागलेला. सोबत्यांनी नळाखाली हात धरला आणि त्याला रिक्षात घालून डॉक्टर आनंद सबनीसांच्या नर्सिंग होममध्ये नेलं.

डॉक्टरांनी हात पुन्हा धुतला. कातडी जेमतेम लालसर दिसत होती. पण वेदना उतरण्याऐवजी चढत होती. माशाचा काटा हातात घुसला तरी हूं की चूं न करणारा गडी पलंगाची कड धरून कण्हत होता. वेदनाशामक इंजेक्शनाचा काही उपयोग होईना.

"कसलं ॲसिड होतं?" डॉक्टरांनी सुपरवायझरला विचारलं.

"काचपाणी, साहेब."

"म्हणजे काय?"

"आम्ही काचपाणीच म्हणतो. शेठ भिवंडीला गेलेत. कॅनवरचा कागद कधीच निघून गेलाय." मग त्याला आठवलं. "संघटनेतल्या बाई असली नावं विचारत फिरत होत्या."

डॉक्टरांनी फोन लावला. वासंतीने शब्द ऐकला आणि ड्रॉवर ओढला. कार्ड लगेच हाती आलं.

"हायड्रोफ्लोरिक ॲसिड, डॉक्टर. वरून कमी दिसतं, पण आत शिरतं आणि हाडापर्यंत जातं, एवढं माझ्याकडे लिहिलेलं आहे. उपचार कारखानीसांच्या पुस्तकात आहेत. त्यांच्याकडे जाऊन तिथून फोन करते. लाइन मोकळी ठेवा."

कारखानीसांचा फोन एंगेज लागत होता. वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. ती साडीचा पदर खोचून निघाली आणि दोन गल्ल्या जवळजवळ धावत गेली. खोलीत शिरल्यावर ती एवढंच म्हणाली, "काचपाणी. माणसाच्या हातावर पडलंय." कारखानीसांनी चालू असलेलं बोलणं तोडून फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

तिने नंबर फिरवला. कारखानीस वाचत गेले, ती सांगत गेली.

"कॅल्शियम ग्लुकोनेट. पातळ करून जखमेखाली आणि भोवती टोचायचं. जेलमध्ये कालवून वरून चोळत राहायचं."

"कॅल्शियमची इंजेक्शनं माझ्या कपाटात आहेत," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "क्लोराइडही आहे."

"क्लोराइड टोचू नये, असं लिहिलंय. ग्लुकोनेटच. हृदयावर लक्ष ठेवायचं, ईसीजी काढायचा. आणि दुखणं थांबणं हीच गुण आल्याची खूण."

फोन ठेवल्यावर कारखानीसांनी तिच्यासाठी पाणी मागवलं.

ती तिथेच थांबली. डॉक्टरांचा फोन संध्याकाळच्या आत आला. "वेदना थांबली. ईसीजी ठीक आहे. झोपलाय तो. बाई, औषध माझ्याच कपाटात होतं आणि मी चाचपडत होतो. तुम्ही नसता तर हात गेला असता, कदाचित माणूसही."

वासंतीला हसू आलं आणि रडूही आलं. ती कारखानीसांकडे वळून म्हणाली, "वाचला."

कारखानीसांनी चष्मा पुसला आणि पुस्तक कपाटात न ठेवता तिच्या पुढ्यात सरकवलं. "हे आता संघटनेत राहू दे."

दुसऱ्या दिवशी परशुरामची आई भागीरथी टोपलीत जिताडा घेऊन ऑफिसात आली. "माजे पोराचा हात ऱ्हायला गो बाय," ती म्हणाली, आणि टोपली पुढे केली. बापटांच्या घरी मासे चालत नसत. वासंतीने तो जिताडा दोन्ही हातांनी घेतला आणि आबांकडे पोचवला. असा मासा आयुष्यात खाल्ला नव्हता, असं आबा पुढे कित्येक दिवस सांगत होते.

त्यानंतर लिमये आले. खुर्चीत न बसताच म्हणाले, "लिहून घ्या. माझ्याकडे जे जे येतं ते सगळं." पिंपांवर नवे कागद लावून, हातमोजे आणि कॅल्शियमचं जेल जागेवर ठेवूनच ते आले होते. महिन्याच्या सभेत त्यांनी उभं राहून झालेलं सगळं स्वतःच सांगितलं. सभा संपल्यावर वासंतीच्या टेबलापुढे मालकांची गर्दी झाली. वर्षभर जे चहावर बोळवण करत होते, तेच आता माझं आधी घ्या म्हणत होते. पुढे संघटनेचा नंबर कल्याणच्या अग्निशमन दलाकडे गेला, ठाण्याच्या इस्पितळांकडे गेला, आणि शीळफाट्याच्या वाटेवर रसायनाचा टँकर कलंडला तेव्हाही पहिला फोन तिलाच आला. आबांनी तिला वेगळी खोली दिली, मदतीला माणसं दिली.

त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेला परशुरामने वासंतीला, कारखानीसांना आणि डॉक्टरांना मोठागावला बोलावलं. होडी सजवलेली होती. खाडीला भरती लागली होती. नारळ सोडून झाल्यावर परशुरामने दोन्ही हातांनी वल्हं धरलं आणि होडी अशी जोरात काढली, की कारखानीसांनी घाबरून वासंतीच्या खांद्याचा आधार घेतला. काठावरून भागीरथी हसत ओरडली, "सावकास रं, सावकास!" वासंती मात्र पुढे वाकून म्हणाली, "अजून थोडं लांब ने रे."