रिकामी फेरी

लिफ्ट दुरुस्त झाली की लगेच तिच्यात माणूस घालायचा नाही, आधी रिकामी वरखाली फिरवून पाहायची, हा धंद्यातला नियम नवऱ्याने आयुष्यभर पाळला होता. तो घरीही पाळावा लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण वेळ आली तेव्हा तो डगमगला नाही.

बायको जिन्यावरून पडली होती. लिफ्टवाल्याची बायको जिन्यावरून पडावी, यात ज्यांना विनोद दिसायचा त्यांना तो दिसला. त्या दिवशी इमारतीतली लिफ्ट बंद होती. ती आपण बंद केलेली नव्हती, हे नवरा भेटेल त्याला सांगायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

पाठीच्या कण्याला मार बसला. कमरेच्या वर सगळं शाबूत, खाली मात्र जाणीव अर्धवट, रस्ता चुकलेल्या पाहुण्यासारखी. नवऱ्याने सगळं हातात घेतलं. उचलणं, कूस बदलणं, अंघोळ, मलम. दिवसभर त्याचे हात तिच्या अंगावर असायचे आणि प्रत्येक हाताला काही ना काही काम असायचं. मानेला दुखापत नव्हती, म्हणून मानेकडे हात जायचाच नाही. पूर्वी तो कामावरून आला की ग्रीसचा वास घेऊन मागून यायचा आणि तिच्या मानेवर कपाळ टेकवायचा. तेव्हा ती ‘आधी हात धुवा’ म्हणायची. आता तो दर तासाला हात धुवायचा.

शेवटी तिनेच डॉक्टरबाईंना एकटीला गाठून विचारलं. नवरा-बायकोचं म्हणतात ते परत येईल का? डॉक्टरबाई लाजल्या नाहीत, त्यामुळे तीही लाजली नाही. घोट्यापाशी एक नस असते, तिला हलका विजेचा प्रवाह द्यायचा. ती कण्यात जिथे पोचते, तिथूनच खालच्या सगळ्या नसा निघतात. काहींना फरक पडतो, काहींना नाही. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण मशीन त्यानेच उत्साहाने घरी आणली. सासूबाईंना पायाची सूज उतरवायची मशीन आहे असं सांगण्यात आलं.

रोज दुपारी तो घोट्याला पट्ट्या चिकटवायचा, बटण दाबायचा आणि बाहेर जाऊन दार लावून घ्यायचा. चाचणी चालू असताना आत कुणी नको. अर्ध्या तासाने येऊन विचारायचा, काही जाणवलं का. ती नाही म्हणायची. तो मान हलवून वायरी तपासायचा.

बाहेर सासूबाई भाजी निवडत असायच्या. त्यांनी एकदा विचारलं, सूज तिची, मग तू का कोंडल्यासारखा बाहेर बसतोस?

एका दुपारी मशीन चालू असताना तो चष्मा शोधायला आत आला. चष्मा तिच्या उशीमागे पडला होता. घेताना त्याचं मनगट तिच्या मानेला घासलं, चुकून, कामाशिवाय. आणि खूप खाली, जिथे कधीपासून काहीच नव्हतं तिथे, शेजारच्या खोलीत दिवा लागल्यासारखं काहीतरी झालं. तो चष्मा घेऊन निघून गेला. दिवाही गेला.

नंतर त्याने विचारलं तेव्हा ती नाहीच म्हणाली. हो म्हटलं असतं तर त्याने करंट वाढवला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने पट्ट्या लावल्या, बटण दाबलं आणि दाराकडे वळला.

“अहो,” ती म्हणाली, “रिकामी फेरी झाली की लिफ्टमध्ये पहिलं कोण उभं राहतं?”

“मेकॅनिक. दुसरा कोण? आपल्या कामावर आपला भरवसा नको?”

“मग इतके दिवस बाहेर काय करताय?”

त्याने दाराची कडी दोनदा वरखाली करून पाहिली. तक्रार खरी असली की तो असंच काहीतरी तपासत राहायचा, हे तिला ठाऊक होतं.

“पडलाच नाही तर?” त्याने विचारलं. “फरक म्हणतोय मी. मी जवळ यायचं आणि काहीच नाही झालं, तर तुला परत...”

“वर सगळं चालू आहे,” ती म्हणाली. “तिथे तरी या.”

तो हात धुवायला निघाला. तिने नको म्हटलं.

तो पलंगावर बसला, आधी पाहुण्यासारखा काठावर, मग नीट. तिला कुशीवर वळवलं, कूस बदलायची वेळ झालेली नसताना. कपाळ मानेवर टेकलं. ग्रीसचा वास नव्हता, साबणाचा होता. तेवढं ती चालवून घेणार होती. खाली काहीतरी हललं की तिच्या मनाने हलवलं, तिला सांगता आलं नसतं. मुख्य म्हणजे तो विचारत नव्हता.

अर्धा तास झाल्यावर मशीन वाजू लागली. वाजतच राहिली.

“अरे, ते वाजतंय बघ,” सासूबाई बाहेरून म्हणाल्या. “उतरली वाटतं सूज.”