लोगारा घाटातला बारावा प्रवासी

मी एक जुनी मिनीबस आहे, मित्रांनो, पण बस म्हणून मला आता कोणी ओळखत नाही. व्लोरा शहराबाहेरच्या एका अंगणात मी चाकांशिवाय, विटांवर उभी आहे आणि माझ्यात कोंबड्या राहतात.

माझा जन्म जर्मनीतला. तिथे मी नऊ वर्षं पाव वाहिले. त्या बेकरीचं नाव अजून माझ्या कुशीवर आहे. अल्बानियात आल्यावर ते कोणी खरवडलं नाही, कारण परदेशी अक्षरांची गाडी इथे दणकट समजतात. लावदोश नावाच्या ड्रायव्हरने मला घेतलं, बारा आसनं बसवली आणि सतरा वर्षं मला अलीकडच्या समुद्रावरून लोगारा घाटात आणि घाटातून पलीकडच्या समुद्रावर नेलं. "हिला रस्ता पाठ आहे, मी आपला सोबतीला बसतो," असं तो लोकांना सांगायचा. हे कौतुक मी जपून ठेवलं आहे.

डोळ्यांपेक्षा माझा भरवसा वजनावर. कोण चढलं, कोण उतरलं, हे मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मला सांगतात. सतरा वर्षांत ते कधी चुकले नाहीत.

एका सप्टेंबरात बेरातच्या कापडगिरणीतून निवृत्त झालेली मंडळी चार दिवसांच्या सहलीला निघाली. बारा जण. त्यांत नाफिये आणि तिचा नवरा सेलमान होते. सेलमानची स्मरणशक्ती झिजत चालली होती. तरुणपणी तो हिमाराच्या किनाऱ्यावर शिपाई होता. तो किनारा पुरता विसरण्याआधी त्याला एकदा दाखवावा, एवढ्यासाठी नाफिये आली होती. तिला गाडी लागायची म्हणून ती पुढे बसली. तो सामानाशेजारच्या एकट्या आसनावर, सगळ्यांत मागे, डोक्यावर लोकरीची पांढरी टोपी घालून.

दुपारी साडेबाराला आम्ही घाटमाथ्यावर थांबलो. मंडळी पाय मोकळे करायला उतरली. समुद्राकडून धुकं चढत आलं आणि दहा मिनिटांत रस्त्याचा कठडा दिसेनासा झाला.

"चला, चला! धुकं काय, बेरातलाही मिळतं!" लावदोश ओरडला.

"थांब रे घुबडा, गुडघे आमचे आहेत, तुझे नाहीत," तेफ्ता म्हणाली. ही सेलमानच्या पुढच्याच आसनावर बसायची.

लावदोशने आरशात डोकी मोजली. बारा. नाफियेने मागे वळून पाहिलं. पांढरी टोपी दिसली, तशी ती निश्चिंत झाली. दार लागलं.

माझ्या पाट्यांवर अकराच प्रवासी होते.

पहिल्या वळणावर मी पुन्हा अजमावलं. वळणावर भार एका अंगाला झुकतो, तिथे चूक होत नाही. अकराच. पण तेफ्ता मागे वळून कोणाशी तरी बोलत होती. "घ्या बाबा, अंजीर घ्या. गारठलात ना?" उत्तर आलं नाही. तिने पुढे काही विचारलं नाही. आमच्या डोंगरात वाटेवरच्या माणसाला आधी जागा देतात, खायला देतात. नाव मात्र विचारत नाहीत. त्याने आपणहोऊन सांगितलं तरच ऐकायचं.

चौथ्या वळणावर माझं इंजिन बंद पडलं. ते मी पाडलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं ते सांगते. मी काहीही केलं नव्हतं. डिझेल होतं, आणि लावदोशचा पायही चुकला नव्हता.

त्या शांततेत तेफ्ता म्हणाली, "लावदोश, या बाबांना कुठे उतरायचंय ते बघ रे. नखशिखान्त भिजलेत."

"कुठल्या बाबांना?"

"तू वर घाटात घेतलेस ना, त्यांना."

"मावशी, मी कोणालाही घेतलं नाही."

"असं कसं? मला वाटलं त्यांना बसायला म्हणून सेलमान उठून पुढे बायकोजवळ गेला."

नाफिये उठली. मधल्या वाटेने ती मागे गेली, सात पावलं, आणि थांबली. आसन रिकामं होतं. गादीतून पाणी ठिबकत होतं. त्यावर सेलमानची टोपी होती आणि टोपीत न खाल्लेलं अंजीर. दार कोणी उघडलेलं नव्हतं.

"गाडी फिरव," नाफिये म्हणाली.

"मावशी, इथे वळायला जागा..."

"फिरव म्हणते ना!"

इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. वळताना माझं मागचं एक चाक क्षणभर कशावरच नव्हतं. मग चढ लागला. लावदोशने हॉर्नवरचा हात काढला नाही. नाफिये खिडकीतून नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती. तो भिजलेला माणूस आमच्याबरोबर परत वर येत होता, की चौथ्या वळणावरच राहिला होता, हे मला सांगता येत नाही. त्याला वजन नव्हतं.

सेलमान सापडला तो कठड्याच्या पलीकडे. बोडक्याने गवतावर बसला होता. पुढे दोन पावलांवर डोंगर संपत होता.

"अरे मेल्या, इथे काय करतोयस?" नाफियेने त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"जागा धरून बसलोय."

"कोणाची?"

"त्याची. म्हणाला, मी फार वर्षं उभा आहे, जरा वेळ तू थांब, मी एकदा खाली समुद्रावर जाऊन येतो. टोपी मागितली, दिली."

"कोण होता तो?"

"मी नाही विचारलं," सेलमान म्हणाला. "असं विचारतात का?"

आम्ही हिमाराला पोचलो. सेलमानने किनारा ओळखला की नाही, ते नाफियेने कोणालाही सांगितलं नाही. पण उरलेले तीन दिवस ती मागे, त्याच्या शेजारी सामानावर बसली. तिला एकदाही गाडी लागली नाही.

त्यानंतर लावदोशने डोकी मोजणं सोडलं. एकेकाचं नाव घ्यायचा, आणि 'आहे' असं ऐकल्याशिवाय दार लावायचा नाही. "शाळा आहे का रे ही?" म्हणून प्रवासी हसायचे. पुढे डोंगराखालून बोगदा झाला. घाटाने जाणारे कमी झाले, माझी चाकं दुसऱ्या गाडीला गेली, आणि मी या अंगणात आले.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. कोंबड्या बऱ्या आहेत. पण सहलीला जाल, तेव्हा आपल्या माणसांना नावाने हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. घाटमाथ्यावर उभा असलेला तो माणूसही कधीतरी कोणाबरोबर तरी आला असेल. त्याच्या गाडीतही कोणीतरी डोकी मोजली असतील, आणि ती बरोबर भरली असतील.