प्रसूसाठी खाट

बीबी गावात कुणाला बाहेरगावी मुक्काम करायचा असला की आधी वैष्णवीला हाक पडायची. धम्मचक्राच्या दिवशी नागपुरात खोली पाहिजे, बोलवा वैष्णवीला. पोराची पुण्यात परीक्षा आहे, स्वस्तातला लॉज पाहिजे, बोलवा वैष्णवीला. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यापासून तर तिला फुरसतच नव्हती. वर्षापूर्वी वर्गात हजेरी देताना जिचा आवाज घशात अडकायचा, ती आता मुंबईच्या लॉजवाल्याला फोनवर दरडावायची, "भैया, फोटो में जो पलंग है वही मिलेगा ना? नहीं तो मैं छोडूंगी नहीं!" आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि वैष्णवीला आपण किमान तहसीलदार तरी झालो आहोत असं वाटायचं.

तिची एक रीत होती. पाच स्टारवाले रिव्ह्यू ती वाचतच नसे. "गोड बोलणाऱ्याचं काय आयकायचं? ज्याची झोपमोड झाली तोच खरं सांगते," असं म्हणून ती आधी एक स्टारवाल्यांकडे वळायची. ढेकूण, गळका नळ, खालचा ढाबा, सगळं तिथंच सापडायचं.

विमानतळ मात्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. जो काही माहीत होता तो दादामुळं. प्रसेनजित, म्हणजे प्रसू, तिचा सख्खा मोठा भाऊ, चार वर्षांपूर्वी मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला. जाताना मुंबईत विमान बदलायचं होतं आणि मधे बराच वेळ होता. खोलीबिली घेण्याची अक्कल तेव्हा घरात कुणाला नव्हती. त्यानं बॅगेवर डोकं ठेवून फरशीवर अंग टाकलं आणि तसाच फोटो काढून पाठवला, गंमत म्हणून. सगळे हसले. मोठमाय हसली नाही.

मोठमाय म्हणजे जनकाबाई, वैष्णवीच्या मोठेबाबांची, म्हणजे थोरले काका जानराव यांची बायको. तिला लेकरू नव्हतं. प्रसू जन्मला तेव्हा आई आजारी पडली, म्हणून मोठमायनं त्याला उचललं, ते पुन्हा खाली ठेवलंच नाही. तो फोटो तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या काचेच्या घरात माह्या लेकराले एक खाट नाई भेटली?" तेव्हापासून कुणी विमानाचं नाव काढलं की तिचं ठरलेलं असायचं, "वैषू, पुढच्या खेपेले प्रसूले खाट पाय बरं. गादीची. अंधार असला पायजे, त्याले उजेडात झोप नाई येत."

"हाव ना मोठमाय, पायतो! तू काय धा डाव सांगतं?"

"तू इसरशीन."

"मी? मी इसरीन?"

यंदा मे महिन्यातल्या एका दुपारी, सांडगे वाळत घालता घालता, मोठमाय छातीवर हात ठेवून भिंतीला टेकली. मेहकरच्या दवाखान्यापर्यंत नेली. तिथून गाडी तशीच परत आली.

आपल्याकडे दूरच्या माणसाला 'गेली' असं कळवत नाहीत. 'सीरियस आहे, ये,' म्हणतात. बाबांनीही मस्कतला तेच कळवलं. एरवी असा निरोप ऐकणाऱ्याला आतून कळलेलं असतंच. पण मोठमाय या वर्षात दोनदा सीरियस होऊन दोनदा उठून बसली होती आणि दुसऱ्यांदा तर तिनं दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली होती. म्हणून प्रसूनं सीरियस म्हणजे सीरियसच धरलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला तो थेट वैष्णवीला. पुढच्या खोलीत फ्रीजरच्या पेटीत मोठमाय होती, पांढऱ्या पातळात, उशाशी मेणबत्ती. बाया रडत होत्या. रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून वैष्णवी पळत गच्चीवर गेली आणि पाण्याच्या टाकीमागं बसली. बाबा पाठोपाठ येऊन जिन्यात उभे राहिले, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"वैशे, कशी हाये मोठमाय?"

"हाये. सलाइन लावली."

"कायचा आवाज होऊन राह्यला?"

"शेजारचा टीव्ही."

"बोलते का कोनाशी?"

"झोपली हाये, दादा."

"झोपू दे. मंग आयक. मी सकाळी मुंबईत उतरतो. संभाजीनगरचं इमान संध्याकाळी हाये, मधात आख्खा दिवस. दोन रात्री डोळ्याले डोळा नाई लागला बे, ड्यूटीवर मान्सं कमी होते. एअरपोर्टजवळ काई सस्त्यातलं पाय ना." मग त्यालाच दुसरं सुचलं. "नाई तर मंग असं करू का? इमान सोडून देतो, गाडी करून सरळ समृद्धीनं निंगतो. दुपारलोक पोचीन."

वैष्णवीनं फोनवर हात ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी 'नको' अशी मान हलवली.

"बाबा, येऊ द्या ना. त्याले खरं सांगून टाका आन येऊ द्या."

"इंद्रभानचं इसरली का तू?" बाबा हळू आवाजात म्हणाले.

इंद्रभान गल्लीतलाच होता. बाप गेल्याचं त्याला पुण्यात फोनवर सांगितलं, तो तसाच मोटारसायकलला किक मारून निघाला आणि घरापुढं एकाऐवजी दोन तिरड्या बांधाव्या लागल्या.

"दोन रात्रीचा जागा हाये तो," बाबा म्हणाले. "ड्रायवरले घाई करीन, तोही येडा गाडी हाणीन. त्याले चांगली खोली पाहून दे. झोपून, जेवून, इमानानं येऊ दे. आपन थांबतो. जानूभाऊनं सांगतलं, प्रसू आल्याबिगर तिले कोनी हात नाई लावत."

मग वैष्णवीलाही वाटलं, बरोबरच आहे. मोठमाय थांबणार आहे. दादा उद्या रात्री येईल, तिला पाहील. मधल्या वेळात त्याला खाट मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देणं तर तिच्या हातात होतं.

"नको दादा, गाडीनं नको," ती म्हणाली. "संध्याकाळचं इमान हायेच ना. मी तुले अशी खोली पाहून देतो, तू पायतच राहशीन."

त्या संध्याकाळी टाकीमागं बसून तिनं जशी खोली शोधली तशी आयुष्यात शोधली नव्हती. खालून रडण्याची लाट आली की तिचेही डोळे भरायचे. ती ओढणीनं स्क्रीन पुसायची आणि पुढचा रिव्ह्यू वाचायची. पहिला लॉज विमानतळाला अगदी खेटून होता, पण एक स्टारवाला ओरडत होता की विमानं उशीवरूनच जातात. दुसरीकडे नुसते एकावर एक पलंग, आणि कुणाचे तरी बूट गेले होते. तिसरा अर्ध्या भावात, पण रस्त्यावर खिडकी आणि खिडकीला पडदा नाही. चौथ्याचं अंतर नकाशावर पाच मिनिटं आणि रिव्ह्यूत पाऊण तास. आणि मग तो सापडला. छोटा, जुना, तासांवर भाडं, दिवसा थांबलं तरी चालतं. सगळ्यात आतली खोली, बिनखिडकीची, म्हणून सगळ्यात स्वस्त. एक स्टारवाल्याची तक्रार एवढीच होती की दिवस आहे का रात्र तेच कळत नाही, आणि आतमधे मोबाइलला रेंज येत नाही.

वैष्णवीच्या तोंडून "अंधार!" असं निघूनच गेलं. गादीची खाट आणि गुडुप्प अंधार. खाली पेटीत झोपलेल्या बाईला जाऊन सांगावंसं वाटलं, पाय, मी इसरली नाई. रेंजचं वाक्य तिनं वाचलं होतं. वाचून तिला वाटलं होतं, बरंच झालं, कुणी झोपमोड करणार नाही.

सकाळी दादाचा मेसेज आला. 'पोचलो. खोली एक नंबर. खालच्या वायफायवर आहे, वर गेल्यावर नेट नाही. काही असलं तर फोन करशील ना?' तिनं 'हाव' लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला.

दुपारच्या आत लाइट गेली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. बीबीत मे महिन्यात लाइट जाते, येते. मग कुणी तरी सांगत आलं की डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच जळाला, दुसरा यायला उद्या उजाडेल. फ्रीजरची पेटी बंद, आणि मंडपवाल्याचं जनरेटर लग्नाला गेलेलं. मेहकरहून बर्फ आणला, तो पोत्यातच अर्धा झाला. गल्लीतले वडीलधारे पुंजाजी पेटीजवळ जाऊन आले आणि जानरावांसमोर खाली बसले.

"जानराव, रात्रीलोक नाई होत आता. तिची अवकळा करू नका."

जानरावांनी पेटीकडे पाहिलं. मग धाकट्या भावाला, वैष्णवीच्या बाबांना, म्हणाले, "दिवस मावळतीलोक थांबतो. प्रेमानंद, त्याले सांगून टाक खरं. म्हन, गाडी कर आन नीघ."

बाबांनी वैष्णवीकडे पाहिलं. आता निघाला तर दिवस मावळता मावळता पोचत होता. आता, या घटकेला.

तिनं फोन लावला. 'आपण संपर्क करू इच्छित असलेला क्रमांक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' पुन्हा लावला. पुन्हा तेच, त्याच बाईचा तोच शांत आवाज. मेसेज केले, एकाखाली एक, सगळ्यांपुढं एकच करडी खूण. लॉजचा नंबर लावला तर तो बुकिंग कंपनीच्या मदतकेंद्राचा निघाला. आधी गाणं, मग एक दाबा, मग दोन दाबा.

"मॅडम, आपकी रिक्वेस्ट प्रॉपर्टी को भेज दी गई है."

"रिक्वेस्ट नहीं है ये! उनको उठाना है! घर में..." पुढचा शब्द तिला म्हणता येईना. कालपासून तिनं तो एकदाही म्हटला नव्हता. "घर में सीरियस है."

"मैं समझ सकती हूं, मॅडम. होल्ड कीजिए."

अख्ख्या गावाला खोल्या मिळवून देणारी पोरगी एका बंद दारावर टकटक करायला माणूस मिळवू शकत नव्हती. अंगणात सावल्या लांब होऊ लागल्या. बाबा दर थोड्या वेळानं येत आणि तिचं तोंड पाहून परत जात. मोठेबाबा मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एकदाच विचारलं, "पोरी, खाट बरी हाये ना पन त्याची?"

"बरी हाये, मोठेबाबा."

"मंग झोपला असन," ते म्हणाले.

दादाचा फोन आला तेव्हा मोठमायला पेटीतून काढून अंगणात आणलं होतं.

"वैशे! काय झोप लागली बे! मेल्यावानी झोपलो. त्या रिसेप्शनवाल्यानं दार बडवलं तवा उठलो. आता खाली आलो त येवढे मेसेज... काय झालं? मोठमाय कशी हाये?"

वैष्णवीनं तोंड उघडलं आणि तिच्या मागं बायांनी एकदम हंबरडा फोडला. आता गच्चीवर पळून जाण्यात अर्थ नव्हता.

"दादा, मोठमाय गेली."

तिकडून मुंबईतला एक हॉर्न ऐकू आला.

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हणता आलं असतं. घरातल्या सगळ्यांनी पुढं तेच निभावलंही असतं.

"काल दुपारी."

"काल? म्हंजे तू मले खोली पाहून देऊन राह्यली होती, तवा..."

"हाव."

"मी म्हनलो होतो गाडीनं येतो."

"हाव, दादा."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "दाखव."

तिनं व्हिडिओ लावला आणि मोबाइल मोठमायच्या तोंडावर धरला. पुंजाजींनी तिचं मनगट खालून धरून ठेवलं. स्क्रीनवर दादा लॉजच्या जिन्यात बसलेला, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. लहानपणी दुपारच्या झोपेतून उठला की अगदी असाच दिसायचा, आणि मोठमाय ओल्या हातानं ती घडी पुसून काढायची. त्रिसरण सुरू झालं. तोही ओठ हलवत होता. मधेच चित्र अडकलं, दादाचे ओठ अर्धे उघडे राहिले. चित्र पुन्हा हललं तेव्हा चौघांनी तिला उचललेलं होतं आणि मोबाइलमधे नुसतं मंडपाचं कापड दिसत होतं.

प्रसू रात्री आला. अंगणात आता मोठमाय नव्हती. त्यानं तिची सुपात राहिलेली सांडग्यांची रास पाहिली आणि तिथंच बसला. वैष्णवीला तो एक शब्दही लागेल असा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुही चुकी नाई, वैशे." पण तो हात त्यानं लगेच काढून घेतला, आणि ते तिला कळलं.

आठवड्यानं गल्लीतल्या सिंधूताई दारात आल्या. जावयाला विमानानं जायचं होतं, खोली पाहिजे होती. वैष्णवीनं मोबाइल हातात घेतला. वरच त्या लॉजची एक निळी पट्टी आली होती, 'तुमचा मुक्काम कसा झाला? इतरांना सांगा.' खाली पाच रिकामे स्टार.

सिंधूताईंना तिनं बसायला सांगितलं. गच्चीवर गेली, टाकीमागं बसली. खोली स्वच्छ होती, स्वस्त होती, फोटोतलाच पलंग होता. खोट्या तक्रारीचा तिला मनापासून राग होता. तिनं पाचही स्टार दाबले आणि मग मराठीतच, सावकाश लिहिलं:

'खाट चांगली आहे. गादीची आहे. खोलीत पूर्ण अंधार असतो. पण घरून कोणी सीरियस आहे असा फोन आला असेल, तर कृपा करून ही खोली घेऊ नका. इथं झोप लागते.'