डिंगोऱ्याच्या डाव्या गालावरचा तीळ

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटातला, नखाएवढा. माझ्या अंगावर तेरा लाख बारीक डोळे आहेत आणि त्यांतला एक मी लोकशाहीच्या सेवेत गमावला. इतके डोळे असूनही दिवस कलल्यावर मला म्हैस आणि रेडा यांतला फरक कळत नसे, ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म जपानातला. तिथले कामगार धुळीच्या भीतीने नखशिखांत झाकून घेतात. तिथून २००३ साली मी आलो डिंगोऱ्याला, सावळेरामच्या फोटो स्टुडिओत. शेजारी पिठाची गिरणी होती. रीळ लागत नाही, फोटो लगेच दिसतो, म्हणून गाव मला कौतुकाने पाहून गेलं.

पुढच्या वर्षी दूध संस्थेची निवडणूक लागली. मतदाराला फोटोचं कार्ड हवं. सावळेरामने खडूने रेघ मारली, रेघेवर स्टूल ठेवलं आणि चारशे सभासद माझ्यापुढे बसवले. चारशेच्या चारशे डाव्या गालांवर काळा ठिपका उमटला.

"याचा एक डोळा मेला," सावळेराम म्हणाला. पण तोवर कार्डं छापून झाली होती. तक्रार कुणीच केली नाही. "तीळ लई शोभतोय राव," म्हणत गेणभाऊंनी कार्ड खिशात घातलं.

मतदानाच्या दिवशी पुण्याहून आलेल्या साहेबांनी पहिलं गेणभाऊंनाच अडवलं.

"कार्डावर तीळ आहे. तुमच्या गालावर नाही."

"सकाळी दाढी केली ना, साहेब."

साहेब हसले नाहीत. "चेहरा जुळला तरच मत. नाहीतर निवडणूक रद्द."

रद्द म्हणजे जुने चेअरमन रखमाजी पुढे चालू. पंधरा वर्षं ते चालूच होते. त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच एक बाई उभी होती, चार म्हशींची मालकीण ठमाबाई. सावळेराम मला आपटायच्या बेतात होता. ठमाबाईंचं लक्ष मात्र सुनेच्या कडेवरच्या नातवाकडे गेलं. नजर लागू नये म्हणून त्याच्या गालाला तीट लावली होती.

"पोरी, काजळाची डबी आन!"

डबी घेऊन त्या दारातच बसल्या. "मत कुणालाबी द्या, आधी गाल द्या!" रांग हसत हसत पुढे सरकली. "आमी न्हाई असलं लावणार," म्हणत रखमाजी तासभर लांब उभे राहिले. मग स्वतःचंच मत बुडायला लागलं तेव्हा मुकाट्याने गाल पुढे केला.

"भाऊ, त्यो न्हाई. दुसरा," ठमाबाई म्हणाल्या.

साहेबांनी कार्ड पाहिलं, गाल पाहिला, बोटाला शाई लावली. चारशे वेळा. ठमाबाई आठ मतांनी निवडून आल्या. गुलालातला फोटो मीच काढला. मिशाळ गेणभाऊंसकट अख्खं गाव तीट लावलेल्या बाळासारखं हसत होतं.

पुढे माझ्याहून कितीतरी जास्त डोळ्यांचे मोबाइल आले आणि मी कपाटात गेलो. दुःख नाही. मेलेल्या डोळ्याचा अभिमान मला पुरत होता. मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकून देऊ नका. त्यांना झाकून ठेवा, अधूनमधून पुसा.

२००९ साली सावळेराम मला विकायला नारायणगावला घेऊन गेला. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला आणि एक फुंकर मारली. तेराच्या तेरा लाख डोळे शाबूत होते.

बाजरीचा कोंडा होता.