अंगणातली रेघ

हैदराबादहून घरी आल्या आल्या मी खडू मागितला. आदर्शनं, माझ्या नवऱ्यानं, तो अंगणापलीकडून फेकला. नववीच्या फळ्यावर अणू काढायची सवय असलेल्या हातानं मी शहाबादी फरशीवर रेघ ओढली. माझा मुक्काम मागच्या खोलीत, तिच्या उंबऱ्यापासून सात पावलं. पंधरा दिवस ह्या रेघेच्या आत कुणी यायचं नाही. पिऊनं तर नाहीच नाही.

पिऊ माझी लेक, सव्वा वर्षाची. नाव बुद्धप्रिया, पण एवढं मोठं नाव तिला अजून पेलत नाही. नुकतीच चालायला लागली आहे. पडते, उठते, आणि मी दिसले की हात पसरून सरळ माझ्याकडे निघते.

माझ्या गळ्यातल्या थायरॉईडच्या गाठीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. उरलंसुरलं जाळायला दवाखान्यानं मला एक कॅप्सूल दिली. आत किरणोत्सारी आयोडीन. ते जाळणारं माझ्या थुंकीत, घामात, लघवीत होतं, आणि त्याची किरणं अंगाबाहेरही पडत होती. म्हणून माझं ताट वेगळं, गिलास वेगळा, संडास वेगळा. पिऊचं अंगावरचं दूध तर दोन महिने आधीच तोडलं होतं. त्या दिवसांत ती माझ्या पदरात तोंड खुपसून रडायची, आणि मी वर पत्र्याकडे बघत बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंगणात रेघ नाही. फरशी ओली, स्वच्छ.

"आत्या, रेघ कुठं गेली?"

माझ्या सासूबाई, कोंडाबाई, फडकं पिळत होत्या. "पुसली."

"अहो, पिऊ आत येईल ना!"

"मी बघते तिच्याकडं. पन माझ्या घरात रेघ न्हाई." फडकं झटकून त्यांनी दोरीवर टाकलं. "लहानपणी हाटेलात आमचा कप बाहेर झाडाला टांगलेला असायचा. कान तुटलेला. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, आपणच टांगायचा. आता माझ्या सुनंला मीच रेघ मारू व्हय? लोक काय म्हणतील ते राहू दे, मलाच मी काय म्हणू?"

मी पुन्हा रेघ ओढली. त्यांनी पुन्हा पुसली. असं चार दिवस चाललं. पिऊला मात्र त्यांनी कडेवरून खाली सोडलं नाही, हे खरं. मला वाटलं, चला, रेघ नसली तरी आजी आहे.

पाचव्या दिवशी दुपारी मी खिडकीशी बसले होते. अंगणात आत्या बारदान्यावर तूर निवडत होत्या, पिऊ मांडीत. पिऊनं दोन्ही हातांत काहीतरी धरलं होतं आणि ते तोंडाला लावलं होतं. उन्हात ते चमकलं. बुडाशी लाल ठिपका.

तो ठिपका मीच नेलपॉलिशनं दिला होता. माझा गिलास ओळखू यावा म्हणून.

"आत्या! काढा तो! आधी काढा!"

पिऊ दचकली आणि रडायला लागली. पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं.

"काय झालं माय एवढं वरडायला? पोरगी भ्याली ना."

"तो माझा गिलास हाय! माझं उष्टं पाणी हाय त्यात!"

"मग? तुझंच हाय, गावाचं न्हाई. मी तर रोज ताट न्यायला येते तवा तुझं उरलेलं पानी पिऊनच राहिले. मला काय धाड भरली?"

रोज. पाच दिवस. मी उंबऱ्यापर्यंत धावले आणि तिथंच थांबले. पिऊ रडत माझ्याकडे हात करत होती. मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तर तिला आणखी किरणं लागली असती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या रडणाऱ्या लेकीपासून मागं सरकले.

"तिचं तोंड पुसा. साध्या पाण्यानं धुवा. दुसऱ्या गिलासानं पाणी पाजा."

"अगं पन झालंय काय?"

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि सांगायला लागले. सांगताना आवाज हळूहळू वर्गातला होत गेला. भीती वाटली की मी शिकवायला लागते, काय करू.

"आत्या, मिठात आयोडीन असतं. गळ्यात थायरॉईडची गाठ सगळ्यांनाच असते, ती ते ओढून घेते, तिला ते लागतं. लहान लेकराची गाठ वाढती असते, ती जास्त ओढते. आता माझ्या अंगातलं आयोडीन वेगळं हाय. पण गाठीला ते ओळखूच येत न्हाई."

"असं कसं? परकं ते परकंच दिसतंय की."

"न्हाई दिसत. दोन्हीच्या भोवती त्रेपन्नच इलेक्ट्रॉन. तशाच पाच फेऱ्या, सगळ्यात बाहेर सात. गाठीची गाठ पडते ती त्या बाहेरच्या सातांशी. मधल्या केंद्रात काय हाय, हे तिला कळायला वाटच न्हाई. ती आपलं समजून आत घेते."

"आन मधी काय हाय?"

"चार कण जास्त. ते केंद्राला सोसत न्हाईत. मग ते मोडतं आणि तिथून एक इलेक्ट्रॉन सुसाट बाहेर पडतो. जिथं एकही इलेक्ट्रॉन राहत न्हाई, तिथून! तो आजूबाजूचं जाळतो. माझ्यात जाळायचंच हाय काहीतरी. पिऊत काय जाळायचं?"

आत्यांनी गिलास उचलून उलटासुलटा बघितला, नाकाला लावला.

"वास न्हाई, रंग न्हाई," त्या म्हणाल्या. "तू म्हनतीस म्हनून खरं मानते. पन मला काय दिसून नाही राहिलं, माय."

मी दवाखान्यातल्या मल्लेशला फोन लावला. मल्लेश किरण मोजणारा. मूळचा देगलूरचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. चार दिवस त्यानंच माझ्या खोलीच्या दारातून मीटर धरला होता. ते यंत्र टकटक करायचं, आणि टकटक कमी झाल्यावरच मला घरी सोडलं होतं.

"किती पिली, मॅडम?"

"दोन घोट. तीन असतील."

"कॅप्सूल घेऊन आज कितवा दिवस?"

"दहावा."

तो डॉक्टरांशी बोलला आणि परत फोनवर आला. "डॉक्टर म्हणाले, बहुतेक काहीच नाही. घाबरायचं नाही. पण तुमच्या मनासाठी उद्या बाळाला आणा, गळ्याला मीटर लावून बघू. आजीलाही. आणि तो गिलास पिशवीत बांधून आणा. तुम्ही मात्र गाडीत बाळाशेजारी बसायचं नाही."

म्हणजे मी जायचंच नाही.

आदर्श एसटीच्या हिमायतनगर फेरीवरून आला, तसाच गणवेशात उभा राहून त्यानं ऐकलं आणि डेपोत रजेचा फोन केला. सकाळी ते तिघं निघाले. पिऊला आत्यांनी गुलाबी टोपी घातली होती. ती आजीच्या खांद्यावरून वळून माझ्याकडे बघत राहिली, फाटक बंद होईस्तोवर. कुणी तिला टाटा करायला सांगितलं नाही, पण तिनं केला.

घर रिकामं झालं. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. पिऊच्या पसरलेल्या हातांवरून वर्गातला एक प्रश्न आठवला. माझ्या वर्गात राजकन्या नावाची एक चुणचुणीत पोरगी आहे. तिनं मागे विचारलं होतं, "मॅडम, केंद्र इलेक्ट्रॉनला ओढतंय, तर मग इलेक्ट्रॉन पडत का न्हाई त्यात?" मी पुस्तकातलं सांगितलं होतं, ठरावीक कक्षा असतात, मधली जागा त्याला नाहीच. तिचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही नव्हतं. आता मी मनातल्या मनात सौदा करत होते: वाटलं तर मला जाळ, सगळी जाळ, पण ते दोन घोट परत घे. कुणाशी बोलत होते कोण जाणे.

सव्वातीनला फोन वाजला.

"काय न्हाई," आदर्श म्हणाला. "पिऊच्या गळ्याला लावलं, मग भिंतीला लावलं. दोन्हीकडं सारखंच वाजलं. ऐकतीस का? मनिषा?"

मी ऐकत होते. "परत सांग," मी म्हणाले, आणि त्यानं परत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परतले. आत्यांनी पिऊला आदर्शकडे दिलं, आणि चपला न काढता अंगणात आल्या. दूर थांबल्या.

"तुझा गिलास बोलला गं, माय."

"काय?"

"त्या मल्लेशनं यंत्र धरलं त्याच्यावर, तर तडतड तडतड! लाह्या फुटाव्या तसं. कुनी न्हाई हात लावला, तरी. मग माझ्या नरड्याला लावलं तर तिथंबी वाजलं जरा. पोरगा म्हनला, आजी, तुमच्या वयाला काय होत न्हाई." त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "ते आतून निघतं म्हनत व्हतीस, ते हेच का?"

"हाव, आत्या. हेच."

त्यांचा हात गळ्यावरच राहिला. त्यांना भ्यायलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. "आन मी ते पोरीच्या तोंडाला लावू दिलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग हात पुढं केला. "खडू फेक."

मी फेकला. त्या वाकल्या, गुडघा धरून बसल्या आणि रेघ ओढली. माझ्या जागेवर नाही, तीन पावलं पलीकडे, स्वैपाकघराच्या बाजूला.

"लई जवळ काढत व्हतीस," म्हणाल्या. रेघ थोडी वाकडी आली होती. त्यांनी बोटानं पुसून ती पुन्हा सरळ केली. मग त्याच रेघेवर बारदाना टाकून पाठ माझ्याकडे करून बसल्या.

अजून आठ दिवस होते. आठ दिवसांत आयोडीन अर्धं मोडतं, मग उरलेल्याचं अर्धं. शरीर त्याहून लवकर बाहेर टाकतं, पण पूर्ण शून्य कधी होतं हे मला कुणी सांगितलं नाही.

पिऊ आदर्शच्या हातातून सुटली. धडपडत आली, आजीच्या पाठीला धडकली, त्या पाठीवरून टाचा उंच करून तिनं मला बघितलं.

"आई," ती म्हणाली. हात पसरले.

आत्यांनी मागं न बघता एक हात वळवून तिला कमरेशी धरलं. मी हसले, तिला दिसेल एवढं, आणि उंबऱ्यावरून एक पाऊल आत सरकले.