पशुधन, म्हणजे डुकरं

शुभंकरला डुक्कर हा शब्द उच्चारवत नसे. धंदा मात्र डुकरांच्या पिल्लांच्या पोटाचा. २००३ साली संगणकाची नोकरी गेल्यावर (तो 'सोडली' म्हणे) त्याने एका कंपनीची एन्झाइम पावडर धरली. आईचं दूध तुटलेल्या पिल्लाला कोंडा-मका नीट पचत नाही, हगवण लागते, वाढ खुंटते. खाद्यातून एन्झाइम दिलं की पचनाला हातभार लागतो, असं शास्त्र. शास्त्रात खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचा सगळा गाढवपणा पावडरीच्या नावावर जमा व्हायचा.

कंपनीची अट एकच. एका फार्मवर तीन आठवडे चाचणी करा, वजनातला फरक दाखवा आणि जिल्ह्याची एजन्सी घ्या. शुभंकरने 'एरिया हेड' अशी कार्डं आधीच छापून घेतली होती. एरिया तेवढा मिळायचा बाकी होता.

मार्केट यार्डात माझं कोंडा-पेंडीचं दुकान. तिथे तो आला.

"काका, कोणी प्रोग्रेसिव्ह फार्मर आहे का? तसल्या... लाइव्हस्टॉकचा?"

"डुकरांचा?"

त्याने मागे वळून पाहिलं. "हळू ना काका!"

बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये त्याने खोकी रचली होती आणि प्रत्येक पाकिटावर पिल्लाचं चित्र. आईला, सोसायटीला कळू नये म्हणून त्याने स्वतः बसून प्रत्येक चित्रावर 'पशुधन पोषक' असा तळहाताएवढा स्टिकर लावला. दोनशे पाकिटं. एवढे कष्ट त्याने दुसऱ्या कशात घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खडकीच्या पलीकडे चंपाबाईंचा फार्म होता. नवरा कारखान्यात, डुकरं बाईंची. माझा कोंडा तिथे जाई, म्हणून गाठ घालून दिली. बाईंनी चोवीस पिल्लं दोन खणांत बारा-बारा केली. एका खणाला पावडर, दुसऱ्याला नाही.

शुभंकर यायचा तो फाटकापर्यंत. नाकाला रुमाल, मोटारसायकल चालूच.

"मॅडम, डेली डोस मिक्स करताय ना?"

"करतेय की. आत येऊन बघा."

"नको, इन्फेक्शन होईल. पिल्लांना हो!"

"खरंय," चंपाबाई म्हणाल्या, "पिल्लांना जपायला पाहिजे. कोण कुठून काय घेऊन येईल!"

आकडे तो फोनवर घेई आणि लॅपटॉपवर आलेख काढी. पहिल्या आठवड्यात दोन्ही खणांच्या रेघा एकावर एक. दुसऱ्यातही तसंच. दुसरा कोणी असता तर त्याने आत जाऊन बघितलं असतं. याने रेघांचे रंग बदलले.

तिसऱ्या रविवारी कंपनीच्या डॉ. सोनाली आल्या. गाडीतच गमबूट चढवले आणि सरळ आत गेल्या. मागोमाग शुभंकरला जावंच लागलं. एकेक पिल्लू गोणीत घालून काट्याला लटकवलं. दोन्ही खणांची सरासरी साडेनऊ किलो. हगवणीतही पक्षपात नव्हता.

"ताई, पावडर घालता कशी?" सोनाली मॅडमनी चंपाबाईंना विचारलं.

बाईंनी चुलीवरचं मोठं पिंप दाखवलं. मेसमधलं उरलेलं अन्न त्या रोज तासभर उकळत. कच्चं उष्टं घातलं की रोग येतो, हे त्या प्रशिक्षणात शिकल्या होत्या आणि एक दिवस चुकल्या नव्हत्या. कोंडा त्यातच शिजे. एका खणाचं अन्न वेगळ्या पिंपात, आणि त्यात पावडर.

"उकळीच्या आधीच टाकते. मुरते चांगली."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, उकळल्यावर एन्झाइम उरतच नाही! खाद्य कोमट झाल्यावर घालायची. मराठीत छापलंय की पाकिटावर."

"कुठंय?"

मॅडमनी स्टिकरचा कोपरा नखाने सोलला. खालून पिल्लू बाहेर आलं, आणि त्याच्या पायाशी तांबड्या अक्षरांत सूचना.

"हे कोणी चिकटवलं?"

"ब्रँडिंग," शुभंकर पुटपुटला.

"आणि तीन आठवड्यांत एकदाही खाद्य कालवताना पाहिलं नाहीत?"

"मॅडम, आमच्याकडे घरी... म्हणजे आमच्यात..."

"तुमच्यात काय?" चंपाबाईंनी विचारलं. "माझ्या डुकरांनी तुमच्या घरचं काही खाल्लंय का?"

मॅडम सभ्य बाई. दुसरी पिल्लं दूध तोडायला आलीच होती. म्हणाल्या, "पुन्हा तीन आठवडे. रोज सकाळी तुम्ही स्वतः कालवायचं. फरक दिसला तर एजन्सी तुमची."

"माणूस ठेवला तर चालेल?"

"नाही."

सोमवारी तो आला. हातावर मोजे, मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या. कोमट खाद्यात पावडर कालवली, लांबूनच ओतली आणि पळाला. मंगळवारी फोन आला, आईला वासाने संशय आलाय. बुधवारी फोनही आला नाही.

चंपाबाईंनी उरलेले दिवस एकटीने कालवलं. एकविसाव्या दिवशी मॅडमसमोर काटा लावला. पावडरवाली पिल्लं सरासरी अकरा किलो, दुसरी दहालाही पोचली नव्हती. एजन्सीचा कागद मॅडमनी चंपाबाईंच्याच नावाने केला.

"शुभंकर सर आले असते तर त्यांना मिळाली असती," मॅडम जरा अवघडून म्हणाल्या.

"नाही आले तेच बरं," चंपाबाई सही करता करता म्हणाल्या. "पिल्लं लहान आहेत हो. बघून बघून नाक मुरडायला शिकली असती."