धाकटीची हरकत

मास्तरांनी गाडीच्या चारही काचा खाली केल्या, पट्टा लावला, आरशात बघून केस सारखे केले आणि मागे वळून विचारलं,

"बसलीस ना नीट? निघू या?"

"निघा," मागच्या सीटवरून धाकटी म्हणाली.

गाडी जागची हलली नाही. ती घरासमोरच्या झाडाखाली उभी होती आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहणार होती. ही प्रवासाची तालीम होती. ताईचं गाव गाडीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. एवढा वेळ धाकटीला तोंडावर मास्क ठेवून बसवेल का, वाऱ्याने डोकं धरेल का, कुठल्याही हॉटेलात पाय न ठेवता खाणंपिणं कसं निभवायचं, हे सगळं आधी करून बघायला हवं, असं मास्तरांचं म्हणणं. मास्तर, म्हणजे धाकटीचा नवरा, शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशावर जिथपर्यंत बोट नेता येतं तिथपर्यंत माणूसही नेता येतो, यावर त्यांचा जन्मभराचा विश्वास होता. डिकीत त्यांनी पाण्याचे कॅन, उकडलेली अंडी, पाव, फळं, साबण आणि एक घडीचा तंबू भरला होता. तंबू कशाला, असं धाकटीने विचारलं तेव्हा ते जरा लाजून म्हणाले होते, "वाटेत अडलंनडलं तर. सगळ्यांच्या बाथरूममध्ये जायला नको."

शेजारचे शिंपीकाका कुत्र्याला फिरवायला बाहेर पडले होते. गाडीपाशी ते थबकले.

"कुठे निघालात?"

"निघून बराच वेळ झाला. निम्म्या वाटेत आहोत," मास्तर म्हणाले.

शिंपीकाकांनी कुत्र्याकडे बघितलं, कुत्र्याने गाडीकडे बघितलं आणि दोघंही पुढे गेले.

धाकटी मास्कच्या आत हसली. हसू ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून दाराची मूठ घट्ट धरून ठेवली आहे. उभ्या गाडीत. तिने हात मांडीवर घेतला आणि पदराला पुसला.

साथीचं दुसरं वर्ष चाललं होतं. लोकांनी कंटाळूनच भीती सोडून दिली होती. दुकानं उघडली होती, पाहुणे येत-जात होते, लग्नं लागत होती. धाकटीला तशी मुभा नव्हती. तिच्या पोटात ताईची किडनी होती. शरीराने त्या परक्या किडनीला हाकलून लावू नये म्हणून ती रोज गोळ्या घ्यायची आणि त्या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांनाच गुंगी देऊन ठेवायच्या. पहारेकरी झोपले की किडनी सुखाने नांदायची खरी, पण एखादा जंतू आला तर त्यालाही कोणी हटकलं नसतं. म्हणून चष्म्याच्या स्वतःच्या दुकानातसुद्धा ती खिडकीच्या आतच बसायची. गिऱ्हाईक फुटपाथवरून चष्मा आत सरकवायचं. ती काड्या सरळ करायची, स्क्रू आवळायची, काचा लखलखीत पुसून परत द्यायची. बाहेर उभं राहून लोक भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठमोठ्याने वाचायचे, आणि पलीकडच्या बेकरीतल्या बाई सांगायच्या की आता तो तक्ता त्यांचाही पाठ झाला आहे.

आणि अशात ताईने लग्न ठरवलं.

ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती ज्या इमारतीत राहायची, तिथेच वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँडमास्तर होते. ते रोज सकाळी ट्रम्पेट वाजवायचे आणि ताई रोज सकाळी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. साथीत सगळे घरात कोंडले गेले तेव्हा एकदा सलग तीन-चार दिवस ट्रम्पेट वाजलं नाही. ताई शिव्या देत वर गेली. बँडमास्तर तापाने फणफणले होते. मग तिने त्यांच्या दाराबाहेर सूप ठेवायला सुरुवात केली. ते बरे झाले, पण सूप बंद झालं नाही. आता ताई साठीच्या उंबरठ्यावर नवरी होणार होती आणि फोनवर इतकी खिदळायची की मास्तर शेजारच्या खोलीतून विचारायचे, "कोणाशी बोलते आहेस? ताईच आहेत ना?"

"तू येणारच," ताईने सांगितलं होतं. "सही करताना माझ्या शेजारी तू हवीस."

"येणार तर," धाकटी म्हणाली होती.

दुसरं काय म्हणणार? ऑपरेशनच्या आधी या दोघींची भांडणं सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होती. खिडकीजवळच्या जागेवरून, आईच्या शिवणयंत्रावरून, निवडणुकीवरून, काही नसलं तर गेल्या भांडणात कोण जिंकलं यावरून. आई त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवायला वाढायची. ऑपरेशन झालं आणि भांडण बंदच पडलं. जिने आपलं पोट चिरून दिलं तिला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? ताई म्हणाली दुकानाला निळा रंग दे, धाकटीने दिला. ताई म्हणाली अमुक मालिका बघ, धाकटीने जांभया आवरत ती शेवटपर्यंत बघितली. ताईने उपकाराचा शब्दही कधी काढला नाही. काढला असता तर निदान त्यावरून तरी भांडता आलं असतं.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी धाकटीने दुकानाच्या मागच्या खोलीतून डॉक्टरबाईंना व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरबाई हातात सफरचंद घेऊन बसल्या होत्या. जेवायला वेळ झाला नाही म्हणून माफी मागून त्यांनी ते खात खातच सगळं ऐकलं. गाडी, काचा, अंडी. तंबू ऐकून त्या चावायच्या थांबल्या.

"प्रवास मास्तरांनी उत्तम बसवलाय," त्या म्हणाल्या. "मला प्रवासाची नाही, पोचल्यावरची काळजी आहे. किती माणसं असतील? कुठे?"

"थोडीच. बागेत."

"बागेत, लांब बसून, मास्क लावून... मी अगदीच नाही म्हणणार नाही. पण तुम्ही लस घेतली असली तरी तुमच्या शरीराने ती किती मनावर घेतली असेल, मला सांगता येत नाही. लागण झालीच तर तुम्हाला ती जड जाईल. हे मी तुम्हाला गोड करून सांगू शकत नाही." त्यांनी सफरचंदाचा उरलेला गाभा बाजूला ठेवला. "तुम्हाला जायचंय का?"

"जायलाच हवं हो."

"ते कळलं. जायचंय का, असं विचारतेय."

धाकटीने समोरची चष्म्याची फ्रेम उचलली, तिच्या काड्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. बाहेर कोणीतरी खिडकीवर टकटक केलं.

"गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. "जा. कधीही फोन करा."

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा ताईचा फोन आला. धाकटी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मास्तर बाहेर गाडीच्या चाकांत हवा भरत होते.

"ऐक, गंमत ऐक," ताई म्हणाली. "बाग रद्द. त्या दिवशी पाऊस सांगितलाय. नोंदणी कचेरीच्या खालचाच हॉल मिळालाय. आणि यांचे जुने विद्यार्थी येणारेत, डझनभर तरी. सगळे वाजवणार. ट्रम्पेट, सनई, ते मोठं भोंग्यासारखं असतं ते. हॉल दणाणून सोडणार, म्हणतायत."

"हॉलमध्ये?"

"अगं, मग पावसात वाजवतील का?"

धाकटीच्या डोळ्यांपुढे तो हॉल उभा राहिला. बंद खिडक्या, आणि डझनभर गाल फुगलेले, डझनभर माणसं जीव खाऊन फुंकताहेत. तिला एकदम हसू आलं आणि तितकीच भीतीही वाटली. तिने सुरी खाली ठेवली.

"ताई, मी येत नाही."

पलीकडे काहीतरी खळखळत होतं, बहुधा नळ. तो बंद झाला.

"काय म्हणालीस?"

"येत नाही मी. मला भीती वाटते."

"मास्तरांनी तर सगळी तयारी केलीय. काचा उघड्या ठेवून—"

"रस्त्याची नाही, तुझ्या हॉलची वाटते. खरं म्हणजे बागेचीही वाटत होती. मी बोलले नाही."

"म्हणजे माझ्या लग्नाला माझी सख्खी बहीण नाही."

"नाही."

"सगळे येतायत. यांची आत्या येतेय, तिला धड चालता येत नाही. आणि तुला मी—" ताई थांबली.

"म्हण ना," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो चढलेला तिला स्वतःलाच ऐकू येत होता. "किडनी दिली, म्हण."

"मी हे कधी तरी बोललेय का?"

"नाही बोललीस. तीच तर पंचाईत आहे."

"आणि ती किडनीही येणारच होती की तुझ्याबरोबर. माझाच जीव आहे तो—"

"तुझा नाही," धाकटी म्हणाली. "दिलीस तेव्हा दिलीस. ती माझी आहे आता. तिला कुठे न्यायचं आणि कुठे नाही, ते मी ठरवणार. तुझी असती तर तुला विचारलं असतं."

तिने स्टूल ओढलं आणि बसली. फोन कट झाला की काय म्हणून तिने तो कानापासून दूर धरून बघितला. चालू होता. मग आतून एक चमत्कारिक आवाज आला. ताई रडते आहे असं वाटून धाकटीने घाईघाईने फोन कानाला लावला. ताई हसत होती.

"इतकी वर्षं कुठे मेली होतीस तू?" ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाटायचं, त्या डॉक्टरांनी माझी किडनी तुझ्यात घातली आणि जागा करायला म्हणून तुझी जीभ काढून घेतली. काहीही सांगा, हो ताई. काहीही विचारा, तू म्हणशील तसं. कंटाळले मी. भांडायला माणूस नाही म्हणून मी छत ठोकत बसायचे."

"तुला राग नाही आला?"

"आलाय तर. भयंकर आलाय. स्वार्थी आहेस तू. लहानपणापासून आहेस. आणि सांगूनच टाकते, ते केस बारीक कापलेस ना, अगदी वाईट दिसतात."

"तूच म्हणालीस कापून टाक म्हणून."

"मी म्हणाले म्हणून लगेच कापायचे? तुला अक्कल नाही?"

"तुझी मालिकाही भिकार होती."

"मग बघितलीस कशाला?"

आरडाओरडा ऐकून मास्तर हवेचा पंप हातात घेऊन धावत आत आले. धाकटी स्टुलावर ताठ बसली होती, गाल लाल झाले होते आणि ती आईच्या शिवणयंत्राबद्दल तावातावाने काहीतरी सांगत होती. तिने त्यांना हातानेच जा म्हणून खुणावलं. मास्तर दारात घुटमळले. "जाणं रद्द," फोनवर तळवा ठेवून ती पुटपुटली, आणि पुन्हा शिवणयंत्राच्या भांडणाकडे वळली.

थोड्या वेळाने खिडकीतून तिने बघितलं, तर मास्तरांनी डिकी उघडली होती आणि ते एकेक कॅन बाहेर काढून झाडाच्या बुंध्याशी ओतत होते. ते शीळ घालत होते. साथ सुरू झाल्यापासून तिने त्यांची शीळ ऐकली नव्हती.

लग्नाच्या दिवशी खरोखरच पाऊस होता, दोन्हीकडे. मास्तरांनी तरीही कोट घातला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, विकायला ठेवलेल्या एका दुर्बिणीला टेकवलेल्या फोनसमोर दोघं शेजारी शेजारी बसली. तिकडे बँडमास्तरांच्या पुतणीने फोन टेबलावर उभा केला होता. त्यात ताईची गुलाबी साडी दिसत होती, बँडमास्तरांचा एक कान आणि मागे चकाकणाऱ्या पितळेची रांग दिसत होती. नोंदणी अधिकारी सावकाश वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"या विवाहाला कोणाची काही हरकत?"

कोणाची तरी खुर्ची वाजली. ताईने पेन उचललं आणि ती पानावर वाकली, तसा तिचा चष्मा लावलेला चेहरा फोनमध्ये आला.

"मला आहे," फोनमधून धाकटी म्हणाली.

मास्तरांनी दचकून तिच्याकडे बघितलं. तिकडे पितळेच्या रांगेतली सगळी डोकी टेबलाकडे वळली. अधिकाऱ्यांनी आवाज कुठून आला ते शोधलं आणि फोनकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

"माझी बहीण," ताई मान वर न करता म्हणाली. "काय गं?"

"तो लांबचा चष्मा आहे. त्याने तुला जवळचं दिसत नाही. वाचायचा लाव, नाहीतर सही रेघेच्या बाहेर जाईल."

"वाचायचा मला शोभत नाही."

"सही फोटोसाठी करायची नाहीये, ताई. तो काढ."

"नाही काढणार."

"काढ म्हणते ना."

"तू आली नाहीस ना? मग गप्प बस."

अधिकारी हातातला शिक्का तसाच धरून थांबले होते. बँडमास्तरांनी हळूच मागे वळून वाजवणाऱ्यांना जरा दम धरायची खूण केली.

ताईने, जे दिसत नव्हतं त्यावर नाक टेकेपर्यंत वाकून, सही ठोकली.